रूथआत्याचं ऊन पाणी

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवणारी बाई दिसली की समजावं, ही नवी आलीय. बाकीच्या सगळ्या बादली घेऊन इंजिनाच्या शेडच्या तारेच्या कुंपणापाशी जायच्या. तिथं इंजिन उभं असायचं, ड्रायव्हर ओळखीचा असायचा, नाहीतर फायरमन शेजारचा. त्यानं एक कॉक फिरवला की बादलीत फसफसत कढत पाणी पडायचं, वर तेलाचा बारीकसा तवंग आणि कोळशाचा वास. सरकारी पाणी, सरकारी कोळसा, फुकटची आंघोळ. साहेबलोक दिसले की बायका पदर डोक्यावर ओढून भलतीकडंच बघायच्या आणि साहेबही भलतीकडंच बघायचे, कारण त्यांच्याही बंगल्यावर तेच पाणी जायचं. दिवसभर कानावर शंटिंगचा धडधडाट, वाफ सोडल्याचा फूत्कार, शेडचा भोंगा. आईच्या भाकरीवर काजळीचे बारीक ठिपके बसायचे आणि आम्ही ते फुंकर मारून खायचो. अजूनही धूर न लागलेली भाकरी मला जरा अळणीच लागते. सून म्हणते, आई, तुमचं काहीतरीच. असेल बाई, काहीतरीच असेल.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, शेडमध्ये फिटर होते. सामू, माझा धाकटा भाऊ, जन्मला तेव्हा आईनं अंथरूण धरलं ते बरेच महिने. तेव्हा दादांनी आपल्या धाकट्या बहिणीला शिरूरहून बोलावून घेतलं. ती रूथआत्या. शिरूरच्या मिशन कंपाउंडात ती बालवाडी चालवायची, त्याचं रीतसर शिक्षण घेतलेली होती. लग्न झालं नव्हतं आणि व्हायचं वय टळत चाललं होतं. ती आली एक ट्रंक आणि तीन पितळी घंगाळं घेऊन. आई पडल्या पडल्या म्हणाली, "आगं, भांडी हायेत की हितं, ती कशाला वाहून आणलीस?" आत्या म्हणाली, "वहिनी, ती भांडी नाहीत. ती माझी शाळा आहे."

सामूला पहिली आंघोळ तिनं घातली, पहिला घास तिनं भरवला. तो पालथा पडला, रांगला, उभा राहिला ते तिच्या पायांशी. आई बरी होऊन हिंडूफिरू लागली तरी सामू रात्री हात टाकायचा तो आत्याच्या अंगावर. आईला हे लागत असणार. मला तेव्हा कळत नव्हतं, आणि कळलं तेव्हा त्याचा उपयोग नव्हता. आत्या मात्र परत शिरूरला जायचं नाव काढेना. तिनं आमच्याच ओसरीवर बालवाडी मांडली. दोन-तीन वर्षांची पोरं, नीट बोलता न येणारी, नाक गळणारी, कमरेला करगोट्याशिवाय काही नसलेली. फायरमन चाचांची नूरी, गँगमनचा बाळ्या, पॉइंट्समनच्या जुळ्या मुली आणि आमचा सामू. एवढ्या लहान पोरांना शाळा कसली, म्हणून सगळं क्वार्टर हसलं. दादाही हसले. "रूथे, ह्यांना अजून शेंबूड पुसता येत न्हाई, तू काय शिकवणार?" ती म्हणाली, "शेंबूड पुसायलाच शिकवीन आधी."

तिची खरी शाळा होती पाण्याची. ओसरीवर तीन घंगाळं ओळीनं मांडायची. पहिल्यात माठातलं गार, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात ऊन, म्हणजे हाताला सुखावेल इतपत गरम. पोरं भोवती उकिडवी बसायची. ती एकेकाचा हात धरून पाण्यात बुडवायची आणि विचारायची, "गार का ऊन?" पहिले काही दिवस पोरं नुसती पाणी उडवायची. ती उडवू द्यायची. भिजलेली ओसरी पुसताना आई धुसफुसायची, पण आत्या हूं का चूं करायची नाही. मग हळूहळू पोरांच्या तोंडी शब्द बसले. बाळ्याला 'गार' म्हणता यायचं नाही, तो 'दाल' म्हणायचा, आणि त्याला कोणी हसलं की आत्या डोळे वटारायची. मग डोळ्यांवर फडकं बांधून तोच खेळ. मग एकदा स्टेशनवरून भुशात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा आणला. सामूनं त्याला बोट लावलं, झटक्यानं मागं घेतलं आणि म्हणाला, "चावलं!" आत्या इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आयांना ती सांगायची, पोराला न्हाऊ घालताना पाणी बोटांनी बघू नका, भांडी घासून घासून आपली बोटं निबर झालेली असतात. कोपर बुडवून बघा. कोपराला जे सोसेल तेच पोराला सोसेल. बायका घरी जाऊन कोपरं बुडवायला लागल्या. हसणारं क्वार्टर गप्प झालं.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची, स्वतःला फार शहाणी समजणारी. आत्यानं एकदा माझा एक हात गार पाण्यात आणि दुसरा ऊन पाण्यात धरून ठेवला, आणि मग दोन्ही हात एकदम कोमटात घालायला लावले. एका हाताला तेच पाणी ऊन लागलं, एका हाताला गार. मी चाट पडले. "आत्या, मग खरं काय?" ती म्हणाली, "तुझे हात सांगतात ते. दुसरं कोण सांगणार?" आज नातवाच्या बाथरूममध्ये भिंतीवर पाणी तापवायचा डबा आहे, त्यावर आकडे उमटतात, त्याला हात लावून बघायची गरज पडत नाही. एक वेळ वाटतं बरंच आहे हे. तेव्हा असता तर किती घरं वाचली असती.

त्या वर्षी हिवाळा संपता संपता आत्या कुरकुर करायला लागली. पाणी पहिल्यासारखं येत नाही म्हणायची. "दादा, हल्ली तुमच्या इंजिनाचं पाणी कोमटच असतं हो." दादा जेवताना म्हणाले, "कोळसा हलका यायला लागलाय. निसती माती असती त्यात. वाफ धरतच न्हाई." फायरमन चाचांनाही ते पटलं. तेही कोळशाला शिव्या घालू लागले. आमच्या क्वार्टरमध्ये कशाचंही खापर कोळशावरच फुटायचं, गाडी लेट झाली, भाकरी करपली, पोरगं खोकलं, सगळ्याला कोळसा. पाणी गार लागतं म्हणून हात तपासावा हे आमच्यातल्या कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आत्या कढत पाणी थोडं जास्त घालायची, एवढंच. एक-दोनदा पोरांनी हात मागं घेतले, तर तिला वाटलं लाडावलीत. तिच्या डाव्या कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता, रुपयाएवढा. गजकर्ण असेल म्हणून ती त्याला गंधक आणि खोबरेल लावायची. तो खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून आम्ही कोणी त्याकडं लक्षही दिलं नाही.

एप्रिल लागला. माझ्या शाळेला सुट्टी. दौंडचा एप्रिल म्हणजे काय सांगावं, हवा इतकी सुकी आणि तापलेली की कढत पाण्यावरची वाफसुद्धा डोळ्यांना दिसत नाही. चुलीवरचं पाणी आधी गुणगुणतं, मग खदखदतं, आपण किती तापलोय ते सांगतं. इंजिनाचं पाणी बादलीत येऊन मुकाट बसतं. त्या दिवशी इंजिन तारेच्या अगदी जवळ उभं होतं आणि चाचा भरलेली बादली घेऊन तडक ओसरीवर आले. आत्यानं तिसऱ्या घंगाळात गार पाणी ओतलं, वर बादलीतलं घातलं, डावं कोपर बुडवलं. "गारच आहे," म्हणाली, आणि आणखी ओतलं. पुन्हा बुडवलं. आणखी ओतलं. मी खांबाला टेकून कैरी खात होते, मीठ बोटाला चिकटलेलं होतं. नूरीची आई, हमीदामावशी, दारात उभी राहून आईशी बोलत होती. आत्यानं सवयीप्रमाणे पहिला हात सामूचा धरला, कारण नवं काहीही ती आधी घरच्या पोरावर करायची, मग दुसऱ्यांच्या. तिनं त्याचा हात आणि आपला डावा हात दोन्ही एकदम पाण्यात घातले.

सामू किंचाळला. तशी किंचाळी मी त्याआधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. त्यानं हात ओढून घेतला आणि मागं पडला. आणि आत्या, देवा, ती तशीच बसलेली. कोपरापर्यंत हात पाण्यात आणि चेहऱ्यावर हसू. "अरे वेड्या, ऊन आहे रे, नुसतं ऊन. हे बघ, आत्याचा हात आहे ना आत?" हमीदामावशी आधी ओरडली. "या अल्ला! बाई, हात काढा! हात काढा तुमचा, हात!" आत्या तिच्याकडं बघतच राहिली. हात पाण्यातून वर आला तेव्हा उकडलेल्या बीटासारखा लाल होता. ती त्याच्याकडं अशी बघत होती, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा हात आहे आणि चुकून तिच्या खांद्याला लागलाय.

आईनं सामूला उचललं. चुन्याच्या निवळीत खोबरेल घोटून बोटांना लावलं. त्याची चार बोटं टरारून फुगली होती. तो रडत होता आणि रडताना "आत्या, आत्या" करत होता, आईच्या हातातून आत्याकडं झेपावत होता. आईनं दिला नाही. "लांब व्हा," एवढंच म्हणाली. त्याआधी आई तिला अगं-तुगं करायची. आत्यानं स्वतःच्या हाताला काही लावलं नाही. संध्याकाळी तिच्या हातावर लिंबाएवढे फोड आले. दादा कामावरून आले आणि त्यांनी विचारलं, "दुखतंय?" ती म्हणाली, "नाही." पुन्हा विचारलं. "खरंच नाही, दादा. तेच तर." दादांनी ताट बाजूला सारलं. त्यातलं हुलग्याचं माडगं निवून गेलं. मला वाटतं त्यांना त्याच वेळी कळलं होतं. पण कळलेलं तोंडातून बाहेर काढायला त्यांच्यात बळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही शिरूरला निघालो. सामूच्या हाताला पट्टी करायचं निमित्त होतं. त्याला मांडीवर घ्यायला आणि सांभाळायला मी. गाडी न्हावऱ्यावरून धूळ उडवत गेली. आत्या पुढच्या बाकावर एकटी, हात पदराखाली. सामू सारखा पुढं वाकून तिच्या अंबाड्याला हात लावायला बघत होता आणि दादा त्याचा हात धरून मागं घेत होते. आत्या वळून बघायची नाही. तिची मान फक्त थोडी थोडी हलत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आत्याच्या ओळखीच्या होत्या. कंपाउंडातल्याच. त्यांनी सामूची पट्टी केली, मग आत्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं. चट्टा बघितला, कोपराच्या मागची शीर चाचपली. मग काचेच्या दोन नळ्या आणल्या. एकीत गार पाणी भरलं, एकीत स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेलं. "रूथ, डोळे मीट. मी टेकवते, तू सांग. गार का ऊन?"

आत्या हसली. मी डोळ्यांनी बघितलं, ती हसली. तिचा स्वतःचा खेळ होता तो. तिनं डोळे मिटले, पोरं बसतात तशी पाय जुळवून बसली. डॉक्टरीणबाईंनी ऊन नळी चट्ट्यावर टेकवली. "गार," आत्या म्हणाली. गार नळी टेकवली. "गार." पुन्हा ऊन. "गार." मग करंगळीला, मग तिच्या शेजारच्या बोटाला, मनगटापासून वर. ती गार म्हणत राहिली. मध्येच एकदा थांबून, घाबरत घाबरत म्हणाली, "ऊन?" तेव्हा नळी कुठंच टेकवलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंचे हात मोकळे होते. मी सामूचं तोंड माझ्या खांद्यावर दाबून धरलं, कारण तो ओरडून तिला बरोबर उत्तर सांगायला बघत होता. त्याला ते सगळं येत होतं, तिनंच शिकवलं होतं. आत्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "किती चुकली?" डॉक्टरीणबाईंनी नळ्यांतलं पाणी मोरीत ओतून दिलं आणि बराच वेळ त्या नळ्या पुसत राहिल्या.

मग त्या दादांशी बोलल्या. महारोग. हळू आवाजात, पण शब्द तोच. आता गोळ्या निघाल्या आहेत, म्हणाल्या, वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, पण बरा होतो. हात लावल्यानं लागत नाही. ह्या प्रकारच्या महारोगानं पोराबाळांना धोका फार थोडा. दादांनी विचारलं, "म्हंजी घरी न्यावी का?" त्या म्हणाल्या, "माझं मत विचाराल तर न्या. तुमच्या घरचं काय ते तुम्हाला माहीत." दादा बराच वेळ टोपी हातात फिरवत उभे राहिले. रेल्वे क्वार्टर. एका भिंतीला दोन घरं, एक नळ, एक संडासांची ओळ. हमीदामावशीनं आदल्या दिवशी जे पाहिलं ते तोवर सगळ्या शेडमध्ये पसरलं असणार. आणि घरात आई. दादा काही वाईट माणूस नव्हते हो. भित्रे होते. आत्याच शेवटी बोलली. "दादा, तुम्ही जा. मी इथूनच जाते." दूर, रेल्वेच्या दोन गाड्या बदलून जावं लागे अशी महारोग्यांची एक वसाहत होती, तिथं तिला पाठवायचं ठरलं. सामूला झोप लागली होती. तिनं त्याला घ्यायला हात पुढं केले आणि आपणच मागं घेतले.

आम्ही घरी आलो तर ओसरी फिनेलनं धुतलेली. आत्याचं अंथरूण, तिची लुगडी, पोरांना बांधायची फडकी, सगळं आईनं राखेच्या ढिगावर नेऊन जाळलं होतं. घंगाळं भंगारवाला घेऊन गेला. क्वार्टरमधल्या आयांनी आपापली पोरं डेटॉलच्या पाण्यात बुडवून काढली. महिनाभर आमच्या दारात कोणी उभं राहिलं नाही, चाचासुद्धा बादली तारेपाशीच ठेवून जायचे. सामू आंघोळीच्या वेळेला थैमान घालायचा. आईनं पाणी घेतलं की बादलीभोवती फिरून आत्याला हाका मारायचा, मोरीच्या मागं जाऊन बघायचा. आई त्याला मारायची आणि मग स्वतः रडायची. मला आईचा राग यायचा, अजूनही येतो, तिला जाऊन इतकी वर्षं झाली तरी. पण तेव्हा तीही तिशीच्या आतबाहेरची, पोरगं हातचं जाईल ह्या भीतीनं वेडी झालेली होती. पावसाळ्यापर्यंत सामू हाका मारायचा थांबला. दिवाळीपर्यंत त्याला आत्या म्हटलं तरी काही आठवेना. लहान पोरं किती लवकर विसरतात, ते बघून मला त्या वयात जगाची शिसारी आली. आमच्या घरात तिचं नाव निघेनासं झालं. दादा कधीमधी रजा काढून कुठंतरी जाऊन यायचे आणि आल्यावर जेवायचे नाहीत.

मी मॅट्रिकला होते तेव्हा ती आली. दुपारची वेळ, दादा ड्युटीवर. दारात एक बाई उभी, पूर्ण बाह्यांचं पोलकं, केस अर्धे पांढरे. डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली. मी ओळखलं आणि पळत जाऊन तिला मिठी मारली. तिनं मला मिठी मारू दिली, पण स्वतःचे हात उचलले नाहीत. "बरी झाले गं," माझ्या केसांत म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं, आता काही नाही. शिरूरला कंपाउंडात शिवणाचं काम देतात म्हणाले. जाता जाता आले."

"या," आई आतून म्हणाली. 'ये' नाही, 'या'. ओसरीवर खुर्ची टाकली. चहा ठेवला आणि कपांपाशी नुसतीच उभी राहिली, कोणता घ्यावा ते तिला कळेना. आत्यानं आपल्या पिशवीतून आपला पितळी पेला काढला आणि पुढं केला. "ह्यात ओता, वहिनी. मला ह्याचीच सवय." आईनं वरून ओतला. तोंडावर वाफ येत होती, तरी आत्यानं पेला आधी उजव्या हातात धरून अंदाज घेतला, मग ओठांना लावला. मी काहीतरी बोलत होते, शाळेचं, अभ्यासाचं, काय ते आठवत नाही. तिचे कान माझ्याकडं होते आणि डोळे फाटकाकडं.

सामू खेळून आला. सात-आठ वर्षांचा, घामेजलेला, गुडघे फुटलेले. पाहुणी दिसली तसा थबकला. "आई, ह्या कोण?" आई दारात येऊन उभी राहिली. माझ्या जिभेवर शब्द आला होता. पण आत्याच आधी बोलली. "मी शिरूरची बाई, बाळा. तुझ्या आईकडं काम होतं."

आमच्या ख्रिस्ती लोकांत मोठ्यांना हात मिळवून सलाम करायची रीत आहे. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शिकवतात पोरांना. सामू शहाणा मुलगा होता. तो पुढं आला, हात पुढं केला आणि म्हणाला, "सलाम, बाई."

आत्यानं त्या हाताकडं पाहिलं. आईनं दाराची कडी घट्ट धरली होती. आत्यानं पेला खाली ठेवला, दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "सलाम, बाळा. मोठा हो." सामूचा हात जरा वेळ तसाच राहिला, मग त्यानं तो चड्डीला पुसला आणि विटीदांडूकडं पळाला. आईनं रोखलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला. आत्यालाही ऐकू आला असणार, कारण चहा अर्धाच झाला होता तरी ती उठली.